काळ्या जमिनीवरची फरशी : व्हिनिल प्लँक आणि इतर पर्याय

घरात कोणती फरशी बसवावी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुकानातील नमुन्यांत शोधले जाते; मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव परिसरात मात्र ते घराखालच्या मातीपासून शोधावे लागते. येथील काळ्या जमिनीत असणारे मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि कोरडे पडताच आकसते, त्यामुळे पावसाळ्यात फुगलेली व उन्हाळ्यात भेगाळलेली माती तिच्यावरच्या बांधकामालाही हलवते. म्हणूनच जोत्यातील काळी माती काढून, तेथे मुरूम थराथराने भरून व धुम्मस करून, त्यावर दगडांचे सोलिंग आणि काँक्रीटचा थर घातल्याखेरीज वरच्या फरशीची चर्चा अपुरी राहते.

शेणाने सारवलेल्या जमिनीनंतर मराठवाड्यातील घरांत जी फरशी रूढ झाली, ती शहाबादी होय. आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात असलेले शहाबाद आणि मराठवाडा हे दोन्ही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि शहाबादचा थरांनी निघणारा चुनखडक फरशीसाठी सोयीचा होता. ही फरशी मजबूत असते आणि हलली तर तेवढीच उकलून पुन्हा बसवता येते. परंतु चुनखडक आम्लाने झिजत असल्यामुळे लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिल्यास तिची चकाकी जाते. राजस्थानातील कोटा फरशीही चुनखडकाचीच असल्याने तिलाही हा दोष लागू पडतो.

गुजरातेतील मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे तीव्र उष्णतेत भाजून काचेसारखी घट्ट केलेली माती, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे तिच्यावर डाग टिकत नाहीत. मात्र ती ठिसूळ असल्याने खालचा थर हलला की तडकते, आणि गुळगुळीत प्रकार ओला झाल्यावर घसरतो.

लक्झरी व्हिनिल प्लँक ही पीव्हीसी या प्लास्टिकच्या थरांची, साधारणतः 2 ते 8 मिलिमीटर जाडीची पट्टी असते. तिच्यावर लाकडाचे छापील चित्र आणि त्या चित्राचे रक्षण करणारा पारदर्शक झीजरोधक थर असतो, तर एसपीसी या प्रकारात गाभ्यात चुनखडीची भुकटी मिसळून कठीणपणा आणलेला असतो. लाकडी तंतूंच्या दाबलेल्या फळीपासून केलेले लॅमिनेट पाण्याने फुगते, व्हिनिल फुगत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. तथापि काँक्रीटमधून वर चढणारी ओल पट्टीखाली कोंडून राहते, आणि खालचा पृष्ठभाग सपाट नसल्यास सांधे उघडतात. त्याशिवाय सोयाबीनची किंवा हळदीची पोती ओढत नेणाऱ्या घरात पट्टीवर ओरखडे उमटतात, आणि हळदीचा डाग प्लास्टिकवर सहज बसतो.

उष्णतेचा मुद्दा याहून निर्णायक आहे. चुनखडक व्हिनिलच्या सुमारे दहापट वेगाने उष्णता वाहून नेतो, त्यामुळे दगडी फरशी तळपायाला गार लागते, तर व्हिनिल कोमट भासते. थंड देशांत व्हिनिलच्या स्वीकाराला हातभार लावणारा हा गुणच, पारा चाळिशीपार जाणाऱ्या आणि माणसे जमिनीवर बसून जेवणाऱ्या मराठवाड्यात उणिवेसारखा ठरतो. शिवाय थेट ऊन येणाऱ्या खिडकीजवळ पट्ट्या प्रसरण पावतात, त्यामुळे तरंगत्या पद्धतीने, म्हणजे चिकटवल्याविना बसवताना भिंतीलगत फट राखावी लागते.

या तुलनेचा निष्कर्ष असा की, वरच्या मजल्यावर, जुनी पण सपाट फरशी न फोडता खोलीचे रूप पालटायचे असेल, तर व्हिनिल प्लँक योग्य पर्याय आहे; काळ्या जमिनीवरील तळमजल्यासाठी मात्र शहाबादी किंवा कोटा आणि स्वयंपाकघरासाठी खरबरीत पृष्ठभागाची व्हिट्रिफाइड टाइल अधिक उचित ठरते. घर बांधणाऱ्याने फरशीचा दर विचारण्यापूर्वी जोत्यातील भराव तपासून घ्यावा आणि हाताशी असलेला पैसा प्रथम त्या भरावावर खर्च करावा.