मागच्या फळीचा गडी

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल होऊं न देणाराचे श्रम मात्र कोणी हिशेबीं धरीत नाहीं. अशा उपेक्षित कामांत कीर्ति मिळविलेला पुरुष म्हणजे स्पेनचा कार्लेस पुयोल.

त्याचा जन्म १९७८ सालीं कातालोनियांतील ला पोब्ला दे सेगुर या लहानशा गांवीं झाला. १९९५ सालीं तो बार्सिलोना क्लबाच्या शिकाऊ खेळाडूंत दाखल झाला व १९९९ मध्यें मुख्य संघांत आला. पायांच्या कौशल्यांत त्याच्याहून सरस गडी संघांत पुष्कळ होते. पण जिवावर उदार होऊन चेंडू अडविणारा तोच. २००४ मध्यें कप्तानपद त्याच्याकडे आलें. पुढें गुडघ्याच्या दुखण्यानें २०१४ सालीं खेळ सोडीपर्यंत तें त्याच्याकडेच राहिलें.

२०१० च्या विश्वचषकांत डर्बन येथें जर्मनीशीं उपांत्य सामना झाला. ७३ व्या मिनिटास शावीनें कोपऱ्यावरून मारलेला चेंडू पुयोलनें मागून धावत येऊन डोक्यानें जाळ्यांत घातला. सामन्यांतील एकमेव गोल तोच. त्यामुळें स्पेन प्रथमच अंतिम सामन्यास पोहोंचला, आणि पुढें जगज्जेता ठरला.

परंतु त्याची खरी थोरवी दिसली ती २०११ सालीं. वेम्ब्लीच्या मैदानावर बार्सिलोनानें युरोपचा चषक जिंकला. सहकारी एरिक अबिदाल याच्या यकृतावर अडीच महिन्यांपूर्वींच शस्त्रक्रिया झाली होती. पुयोलनें कप्तानाची पट्टी त्याच्या दंडावर चढविली आणि चषक प्रथम उचलण्याचा मान त्यालाच दिला.

शाळेच्या पटांगणावर संघ पाडतांना मागची जागा कोणाही मुलास नको असते. त्या मुलांस हें चरित्र अवश्य सांगावें.