फाटकापासून फाटकापर्यंत



मी पाचगणीत भूगोल शिकवतो. इथल्या निवासी शाळांत देशोदेशीची मुलं असतात. सुट्टी जवळ आली की एकच प्रश्न कानावर येतो, "सर, विमानाला किती तास लागतात?"

काही वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या एका मुलाला मी सांगितलं, "लंडन ते मुंबई नऊ तास." दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याला न्यायला आईवडील येणार होते. विमान रात्री नऊला सुटणार, म्हणजे सकाळी सहाला आई येणार, असा हिशेब त्याने मनाशी केला. न्याहारीही न करता तो फाटकाजवळ ट्रंकेवर जाऊन बसला. वळणावर हॉर्न वाजला की उठून उभा राहायचा. गाडी आली संध्याकाळी सहाला. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.

तेव्हापासून मी वर्गात पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन बसतो. मुंबईवर एक टोक, लंडनवर दुसरं, आणि दोरा ताणायचा. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ आणि हा ताणलेला दोरा एका वाटेने जात नाहीत. दोरा उत्तरेकडे झुकतो, आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच. अंतर भरतं सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने आठ तास. त्यात चढणं, उतरणं आणि वाटेतली वळणं मिळवायची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. म्हणून लंडनहून इकडे येताना वेळ कमी लागतो, तिकडे जाताना तासभर तरी जास्त.

मग घड्याळ. ऑक्टोबरात बहुतेक दिवस आपण लंडनच्या साडेचार तास पुढे असतो. त्यांचे सकाळचे सहा म्हणजे आपले साडेदहा. पुढे पासपोर्टची रांग, सामान, मग मुंबईहून अडीचशे किलोमीटर रस्ता, वाई, आणि शेवटी पसरणीचा घाट. झाले की संध्याकाळचे सहा!

पूर्वी हा हिशेब तासांचा नव्हे, दिवसांचा असे. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोहोचलं, तेव्हा ८ तारखेला निघालेले प्रवासी १० तारखेला उतरले. त्यानंतर काही वर्षांनी फारूख बलसारा नावाचा आठ वर्षांचा मुलगा झांझिबारहून बोटीने मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. झांझिबार ते मुंबई हवाई अंतर साधारण ४,६०० किलोमीटर. विमानाला सहा-एक तासांची वाट, पण बोटीला आठवड्याहून जास्त दिवस लागत. त्या काळी घर किती लांब आहे, हे मुलाला बोटीवरच्या रात्री मोजून कळत असे. आता विमानाच्या वेगामुळे घर जवळ वाटतं, आणि म्हणूनच वाट पाहणं जड जातं.

पालकांनो, माझी एक कळकळीची विनंती आहे. मुलाला फोनवर विमानाचे तास सांगू नका. आपल्या घड्याळाने तुम्ही शाळेच्या फाटकाशी किती वाजता उभे असाल, तेवढं सांगा. घाटासाठी अर्धा तास वाढवूनच सांगा. तुम्ही थोडे लवकर पोहोचलात, तर त्याच्या आनंदाला तोटा नाही.