रिकामा गाळा व आयकराचा हिशेब
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जन्मभर मुलांना गणित शिकविणारे शिक्षक, कायदेपंडित नव्हे. परंतु ज्या हिशेबात आम्ही स्वतःच चुकलो, तो आपणांपुढे मांडण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे वाटते.

आमच्या घरास रस्त्याच्या बाजूने एक गाळा आहे. दरमहा 12,000 रुपयांनी तो सात महिने गेला व पुढे रिकामा झाला. ज्ञातीतील एक तरुण शिवणकामाचे दुकान थाटण्यासाठी तो 9,000 रुपयांस मागत होता. आम्ही नकार दिला. पाच महिन्यांचे बुडालेले 60,000 रुपये तोटा म्हणून निवृत्तिवेतनातून वजा होतील, मग घाई कशास, असा आमचा समज! ओट्यावरील मंडळींनीही माना डोलविल्या.

कायदा असे म्हणत नाही. रिकामेपणामुळे जे भाडे आलेच नाही ते उत्पन्नात धरावयाचे नाही, एवढीच सवलत. ते पुन्हा वजा करता येत नाही. आमचे आलेले भाडे 84,000. त्यातून त्या वर्षी आम्ही भरलेली घरपट्टी 6,000 गेली, राहिले 78,000. त्याचे शेकडा 30, म्हणजे 23,400 वजा जाता 54,600 करपात्र. शटर व फरशी यांस आम्ही 40,000 खर्चिले होते, दलाली निराळी. ते सारे त्या शेकडा तिसांतच आले. कर्जाचे व्याज मात्र वेगळे वजा होते. 1961 च्या कायद्यातील ही रीत 1 एप्रिल 2026 पासूनच्या 2025 च्या कायद्यातही कायम आहे.

राहत्या घराचे मूल्य शून्य धरतात, तद्वत् कुलूपबंद गाळ्याचे धरतील, असेही कित्येक समजतात. ती सवलत गाळ्यास नाही. वर्षभर भाड्याने न दिलेल्या गाळ्यावर, येऊ शकले असते इतके भाडे उत्पन्न म्हणून धरण्याचा प्रसंग येतो. त्यावरून कज्जेही झाले आहेत.

आणि समजा, आमची वजावट मान्य झाली असती, तरी शेकडा 20 दराने वाचले असते 12,000. त्या तरुणाने पाच महिन्यांत 45,000 दिले असते! गणिताच्या शिक्षकास हे सुचू नये?

नोटीस आली, आम्ही व्याजासह कर भरला. तो तरुण दुसऱ्या आळीत स्थिरावला; गेल्या पाडव्यास भेटलो तेव्हा त्याने चहा पाजला, गाळ्याचा विषय मात्र काढला नाही.

गाळा अद्याप रिकामाच आहे. कोणास हवा असल्यास संमेलनानंतर आम्हांस भेटावे. भाडे 9,000, करार रीतसर नोंदवून.