काठावरची झाडी आणि पाण्यातले जीव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा आपल्या अंजनीकाठी जे पाहिले आणि मुलीच्या पुस्तकावरून जे समजले, तेवढेच सांगते.

गेल्या उन्हाळ्यात शेताजवळच्या नाल्याकाठची निरगुडी व लव्हाळा मी स्वतः उभी राहून तोडवला. झाडीने डास होतात, हे माझे म्हणणे. सासूबाई नको म्हणत होत्या. मी ऐकले नाही. पावसाळा सरला, तरी तिथे चतुर दिसेनात. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या मात्र वळवळत होत्या.

मुलीने उलगडा केला. चतुराची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. चतुरासारखीच नाजूक टाचणी पाणवनस्पतीच्या देठात चीर पाडून अंडी घालते. पिल्लू मोठे झाले की काडीवर चढून कात टाकते, पंख वाळवते आणि उडते. त्यांचे बाळंतघर मीच मोडले होते!

पाण्यात पडलेले पान आपण कचरा समजतो. पण ते भिजून त्यावर बुरशी धरली की मऊ होते, आणि कित्येक किड्यांचे तेच जेवण. काही किडे तर पानांचे तुकडे नि वाळूचे कण तोंडातल्या रेशमाने जोडून अंगाभोवती नळीसारखे घर बांधतात. किड्यांवर मासे जगतात, माशांवर खंड्या. झाडांच्या सावलीत पाणी गार राहते, आणि गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. मुळे काठाची माती धरून ठेवतात. नाहीतर गाळाने दगडांमधल्या फटी बुजतात व तिथले जीव गुदमरतात.

म्हणून सगळेच राखावे असे नाही. पाणी झाकून टाकणारी जलपर्णी काढलीच पाहिजे. आणि डेंग्यूचा डास तर नदीत नव्हे, आपल्याच रांजणात, कुलरमध्ये होतो. अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करणे, हे काम आपलेच.

भगिनींनो, यंदा नदीसफाईला जाऊ तेव्हा प्लॅस्टिक काढू, निर्माल्य काढू. पण लव्हाळ्यावर विळा चालवू नये, एवढी माझी विनंती. पावसाच्या तोंडी मी नाल्याकाठी करंजाच्या बिया लावणार आहे. सासूबाईंनी त्या निवडूनही ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी घरी यावे.