१०८ येईपर्यंत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. यंत्रणा मंदावली की आम्ही आधी शोधतो, वेळ नेमका जातो कुठे? दवाखान्याबाहेरच्या तातडीच्या उपचारांवर संशोधन करणाऱ्यांनीही असंच शोधलं.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १७ शहरांमध्ये, हृदय बंद पडलेल्या ५,६३८ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. विजेचा झटका देणारं यंत्र लवकर पोचवण्याची सोय तिथे आधीच होती. तिच्या जोडीला श्वासनलिकेत नळी घालणारे, शिरेतून औषधं देणारे कर्मचारी आणले. वाचून घरी गेलेल्यांचं प्रमाण आधी ५ टक्के होतं, नंतर ५.१! जवळच्या माणसाने लगेच छाती दाबायला घेतली किंवा झटका लवकर मिळाला, तिथे मात्र जास्त माणसं वाचली.

आपल्याकडे २०१४ पासून १०८ आहे, गाडीत डॉक्टर असतो. पण मदत मिळाली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. राजकमल चौकातून इर्विनला पोचेपर्यंतही मिनिटं जातातच. मेळघाटातल्या वळणांचं तर विचारूच नका.

तेवढ्या वेळात आपण काय करतो? ‘काय झालं बाप्पा?’ म्हणत घोळका जमतो. कोणी कांदा हुंगवतो, कोणी तोंडात पाणी घालतो. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. हाक मारा, हलवून पाहा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा. माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्याला बसवा, पण थांबू नका.

आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईत, आईवडील अमरावती-अकोल्यात. गरज पडेल तेव्हा त्यांच्याजवळ आपण नसू, शेजारचं पोरगं असेल. म्हणून माझी एकच मागणी आहे. शाळेला देणगी देताना सरावाचे दोन पुतळे द्या आणि दरवर्षी नववीच्या वर्गाला हे शिकवण्याची सोय करा. ते शेजारचं पोरगं बहुधा याच शाळेत शिकत असेल.