आमच्या पोरीचं ‘काहून’

आम्ही इंझोरीहून बोलतोय. बचत, कर्ज, हप्ता यांवर आपण नेहमीच बोलतो. आज आमच्या घरातल्या चार वर्षांच्या माणसाविषयी बोलतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि धाकटी लेक. माणसं चार, पण दिवसभर आवाज तिचा एकटीचा.

तिचा आवडता शब्द ‘काहून’. सोयाबीन सोंगणीला आलं तेव्हा तिला वावरात नेलं, तर म्हणे, “आई, पानं काहून पिवळी झाली? त्याइले कावीळ झाली काय?” शेंगा पिकल्या की पानं पिवळी होतात आणि गळतात, असं सांगितलं. लगेच पुढचा सवाल, “मंग आजीचे केस पिकले, ते काहून नाही गळत?” सासूबाई हसून म्हणाल्या, “गळते ना माय, ते बी गळते!”

संध्याकाळी चुलीपाशी तिला लिंबाएवढा पिठाचा गोळा लागतो. तिनं थापलेली भाकर कडेनं फाटते, मधात जाड राहते. ती बापाच्याच ताटात पडली पाहिजे आणि शेवटचा घास जाईपर्यंत ती समोर बसून राहते. बाप म्हणतो, “लई गोड झाली.” ती म्हणते, “मंग उद्या दोन करतो.”

मन मोठं आहे तिचं, पण हिशेबही पक्का आहे. बिस्कीट मोडते, दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेऊन पाहते आणि लहान तुकडा आपल्याला देते. वीज कडाडली की कुशीत शिरते आणि सांगते, “मी नाही भेली, बाहुली भेली.” रुसली की ओट्यावर घराकडं पाठ करून बसते. तेव्हा कोणी समजवायला गेलेलं तिला चालत नाही. एखादी चिमणी आली, मुंगळा दिसला की तेच सांगायला धावत आत येते. तिचा राग तेवढाच.

गटाच्या बैठकीला ती आमच्यासोबत येते. एकदा एक काकू आली नव्हती. रजिस्टरमध्ये गैरहजेरी मांडली गेली, तशी ही विचारते, “ते काकू काहून नाही आली?” बैठक झाल्यावर आम्ही दोघीतिघी त्यांच्या घरी गेलो. काकू तापानं फणफणल्या होत्या, घरात पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. त्या दिवसापासून गैरहजेरी मांडली की कोणीतरी घरी जाऊन येतं.

शेजारच्या म्हाताऱ्या मायेनं सांगतात, “पोरीच्या जातीले एवढे सवाल बरे नाही.” त्यांचा राग येत नाही, त्यांनाही लहानपणी असंच गप्प केलेलं असेल. पण काळजी वाटते. हाच हट्ट पोरानं केला की ‘बाणेदार’, पोरीनं केला की ‘आगाऊ’. रोज ऐकून ऐकून पोरगी दहाव्या वर्षी विचारणं सोडते. मग तीच मोठी होऊन बँकेत उभी राहते आणि कर्जाला व्याज किती, हे विचारायला तिची जीभ उचलत नाही. आपल्यातल्या किती जणींचं असं होतं, ते आपल्याला माहीत आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला गावातल्या लेकरांसाठी बालवाडी सुरू केली. पुढे हे काम कोसबाडला गेलं. लेकरू शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा विचार. लेकराला दटावून गप्प बसवू नये, त्याच्या हाताला काम आणि मनाला मोकळीक द्यावी, हे त्यांनी करून दाखवलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

अंगणवाडीत लेकराचं वजन होतं, उंची मोजतात, लस टोचतात. ते वेळेवर झालंच पाहिजे. पण लेकरू कशाला हसतं, कशाला भेतं, रुसल्यावर त्याला काय लागतं, हे कोणत्याच रजिस्टरमध्ये नसतं. ते घरच्यांनीच ओळखायचं. निंदणावरून थकून आल्यावर शंभर सवाल सोसत नाहीत, हे आम्हालाही कळतं. अशा वेळी आम्ही सांगतो, “भाकर झाल्यावर सांगतो, आठवण दे.” ती आठवण देतेच! उत्तर येत नसलं तर म्हणतो, “उद्या अंगणवाडीतल्या ताईले विचारू.”

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या लेकराची, नातवाची एकेक गोष्ट सांगा. फक्त ‘हट्टी’, ‘आगाऊ’, ‘मुखदुर्बळ’ हे शब्द वापरायचे नाहीत. ते काय करतं, काय बोलतं, तेवढंच सांगायचं. लेकरू जवळ बसलं असेल तर त्याला ऐकू द्या. आपल्याविषयी चारचौघींत चांगलं बोललं जातंय, हे त्यालाही कळू द्या.

आणि कोण्या पोरीनं ‘काहून’ विचारलं, तर आधी तिला जवळ बसवा.