अभ्यासमंडळाचे नियम : एक जुने उदाहरण

(ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या आश्रयाखाली विद्यार्थ्यांचे एक अभ्यासमंडळ स्थापन व्हावे असा ठराव झाला असून त्याच्या नियमांचा मसुदा आपल्या सर्वांच्या हाती आलेला आहे. त्यावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. मसुदा आम्ही दोनदा वाचला. वर्गणी, गणपूर्ती, जमाखर्च, हिशेबतपासनीस यांसंबंधीची कलमे चोख आहेत. ती ज्यांनी लिहिली त्यांनी आयुष्यभर संस्थांचे दप्तर सांभाळले आहे हे ओळीओळींतून दिसते. दोन कलमांपाशी मात्र आम्ही अडलो. मंडळाचा अध्यक्ष कार्यकारी मंडळाने तीन वर्षांसाठी नेमावा, हे एक. आणि सभासदत्व केवळ ज्ञातीतील विद्यार्थ्यांस खुले असावे, हे दुसरे. विद्यार्थ्यांचे मंडळ कोणी चालवावे आणि त्यात कोणास घ्यावे, या दोन्ही प्रश्नांचा विचार चारशे वर्षांपूर्वी, आपल्याहून कितीतरी कडक शिस्तीच्या एका धर्मसंघाने करून ठेवला आहे. त्याची उत्तरे आपणांपुढे मांडावी, एवढाच आमचा हेतू.

हा धर्मसंघ म्हणजे जेझुइट पाद्र्यांचा येशूसंघ. नाव ऐकताच येथील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती अकारण नाही. तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवालये सोळाव्या शतकात ज्या राजवटीने जमीनदोस्त केली, तिच्या धर्मकारणात या संघाचा वाटा मोठा होता. गोव्यातील त्यांच्या सेंट पॉल विद्यालयाचा पाया ज्या संस्थेने घातला, तिच्याकडे तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ साली वळविण्यात आले. आपले पूर्वज कुळदेवतांना घेऊन नदीपार अंत्रुजात गेले, ती हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते आणि सांगितली जावी. ती विसरून आम्ही बोलत नाही. परंतु ज्यांनी आपणांस पिडले त्यांची पाठशाळा कशी चालत असे, हे डोळसपणे पाहण्यास कोणती आडकाठी?

येशूसंघास पोपची मान्यता १५४० साली मिळाली, आणि पुढील काही दशकांत त्याची विद्यालये व विद्यापीठे युरोपभर पसरली. रोम येथील त्यांचे मुख्य विद्यापीठ १५५१ साली सुरू झाले; आज ते ग्रेगोरियन विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या सर्व ठिकाणी शिक्षण एकाच रीतीने चालावे म्हणून संघाचे तत्कालीन प्रमुख क्लाउदिओ अक्वाव्हिवा यांच्या कारकिर्दीत नियमांचा एक ग्रंथ सिद्ध झाला. १५८६ व १५९१ साली त्याचे मसुदे झाले, ते ठिकठिकाणच्या अध्यापकांकडे अभिप्रायार्थ गेले, आणि १५९९ साली तो कायम झाला. त्याचे नाव ‘रात्सिओ स्तुदिओरुम’, म्हणजे अध्ययनाची पद्धती. (आपला मसुदा पंधरा दिवसांत कायम करण्याची घाई असणाऱ्यांनी ही तेरा वर्षे ध्यानात घ्यावी.) या ग्रंथात कुलगुरूपासून शिपायाचे काम पाहणाऱ्या सेवकापर्यंत अनेकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच्या शेवटच्या भागात ‘अकादमी’चे नियम येतात. अकादमी म्हणजे काही विद्वत्सभा नव्हे. सर्व विद्यार्थ्यांतून निवडलेल्या, एका अध्यापकाच्या देखरेखीखाली जमून वर्गातील पाठांखेरीज अभ्यासाचे विशेष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांचा समूह, अशी तिची व्याख्याच तेथे दिली आहे. थोडक्यात, आपण जे काढू पाहत आहोत तेच.

आता पहिला प्रश्न. जो संघ वरिष्ठांच्या आज्ञापालनासाठी जगात गाजला, त्याने विद्यार्थ्यांच्या या मंडळावर प्रमुख नेमला असेल, असेच कोणासही वाटेल. तसे नाही. देखरेख करणारा अध्यापक तेवढा विद्यालयाच्या प्रमुखाने नेमावयाचा. मंडळाचा विद्यार्थी-प्रमुख, त्याचे सल्लागार व चिटणीस यांची निवड विद्यार्थ्यांनी स्वतः, गुप्त मतदानाने, दर तीन-चार महिन्यांनी करावयाची. या विद्यार्थी-प्रमुखास नाव तरी कोणते? ‘रेक्टर’! विद्यालयाच्या मुख्य पाद्र्यास जी पदवी, तीच अठरा-वीस वर्षांच्या पोराला. आमच्या मते या एका शब्दात त्या जुन्या शिक्षकांचे मुलांच्या मनाचे ज्ञान दिसून येते. पदवी मोठी दिली, मुदत लहान ठेवली. वर्षातून तीनदा निवडणूक म्हटली की चार वर्षांत बारा मुलांस धुरा वाहण्याचा सराव होतो. आमच्या मसुद्याप्रमाणे बारा वर्षांत चौघांस होईल, आणि तेही आम्हांस पसंत पडलेल्या चौघांस.

या रेक्टरने केवळ खुर्ची अडवून बसावयाचे नाही. आपल्या मुदतीत मंडळाच्या मुख्य प्रयोगांपैकी एखादा त्याने स्वतः करून दाखवावा, असाही नियम आहे. चिटणिसाकडे एक वही असावी. तीत सभासदांची नावे प्रवेशाच्या क्रमाने, अधिकाऱ्यांची नावे निराळी, आणि कोणी कोणत्या दिवशी काय वाचले, कोणता वाद केला, याची नोंद असावी. बापाचे घराणे, प्रतिष्ठा, वर्गणीचा आकडा यांच्या क्रमाने नव्हे, तर प्रवेशाच्या क्रमाने, हे ध्यानात घ्यावे. नवी निवड झाली की अध्यापकासमक्ष बैठक भरावी, नियम मोठ्याने वाचले जावेत, आणि मंडळाच्या प्रगतीत कोणते अडथळे आहेत याची चर्चा व्हावी. आम्ही शिक्षकी पेशात असताना एका शाळेत एक वाङ्मयमंडळ पाहिले होते. आषाढात त्याचे उद्घाटन होई, माघात समारोप होई, दोन्ही वेळी पाहुण्यांस पुष्पगुच्छ मिळे; मधल्या सात महिन्यांत मंडळाचे कपाट उघडल्याचे कोणाच्या स्मरणात नसे. अडथळ्यांची चर्चा तेथे एकदा जरी झाली असती तरी पुरे होते.

मग ही मुले करीत तरी काय? धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान शिकणाऱ्या थोरांच्या अकादमीत वर्गात झालेल्या पाठांची उजळणी चाले. एकाने सिद्धान्त मांडावयाचा, इतरांनी त्यावर आक्षेप घ्यावयाचे, त्याने ते निवारावयाचे. आपल्याकडील वाक्यार्थसभा ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे परके वाटणार नाही. वक्तृत्व व साहित्य शिकणाऱ्यांची अकादमी अधिक खेळकर होती. कोणी भाषण करी, कोणी पद्य रची, कोणी आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोले. एक फिर्यादी व दुसरा बचाव करणारा होऊन लटका खटला चाले. कोडी घालावी, कोडी सोडवावी, कोरीव लेखांसाठी मजकूर तयार करावा, अशा अनेक तऱ्हा होत्या. व्याकरण शिकणाऱ्या लहानांची अकादमी निराळी. तेथे पाठांतराचे व परस्परांस प्रश्न विचारण्याचे सामने होत.

अशा वादसभांशी आपल्या भूमीचा एक नाजूक संबंध आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सेंट पॉल विद्यालयात आला, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या यंत्रावर त्याच वर्षी आरंभी जे छापले गेले ते काही पोथी किंवा फर्मान नव्हते. विद्यालयातील जाहीर वादसभेत विद्यार्थ्यांनी ज्यांचे समर्थन करावयाचे त्या प्रमेयांचे ते कागद होते. त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. या देशातील मुद्रणाचा आरंभ विद्यार्थ्यांच्या वादविवादाने व्हावा, आणि तोही आपल्या देवळांच्या उत्पन्नावर पोसलेल्या घरात व्हावा, याचे काय वाटून घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा, आणि तो अधिक अवघड. त्या विद्यालयांत मरियेच्या भक्तीसाठी विद्यार्थ्यांची एक मंडळी असे. तिला सोडॅलिटी म्हणत. रोमच्या विद्यालयात यान लेउनिस नामक पाद्र्याने १५६३ साली तिचा आरंभ केला. या मंडळीत जो असेल तो अकादमीचा सभासद आपोआप होई. आपल्या मसुद्यातील ज्ञातीच्या अटीसारखेच हे झाले. परंतु नियम येथे थांबत नाही. जेथे तशी वहिवाट असेल तेथे सोडॅलिटीत नसलेल्यांस, इतकेच नव्हे तर विद्यालयाचे विद्यार्थी नसलेल्यांसही, प्रमुखास योग्य वाटल्यास घ्यावे, असे पुढचेच वाक्य सांगते. आणि त्यापुढे आणखी एक नियम आहे, तो आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा: जो वारंवार गैरहजर राहील, नेमून दिलेले काम करणार नाही किंवा दंगा करील, त्यास काढून टाकावे. येथे सोडॅलिटीतल्यास सवलत नाही. आत येण्यास नाते पुरे, टिकण्यास पुरे नाही.

कोणी म्हणेल, दार उघडे ठेवावयाचे तर ही ज्ञातिसंस्था कशाला? आम्ही त्यास आदराने सांगू की शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-सूचक, वृद्धसाहाय्य हे सर्व ज्ञातीच्या दानपत्रांनी बांधलेले आहे, आणि तेथे एका मुलाला दिलेली रक्कम दुसऱ्यास मिळत नाही. वादविवादाचे तसे नाही. उलट सर्वांनी एकाच आजीच्या तोंडून एकच हकीकत ऐकलेली असेल तर वाद करावयाचा कोणाशी? आपली मुले शाळा-महाविद्यालयांत ज्यांच्या शेजारी बसतात, त्यांतील पाचसहा जण रविवारी येथे आले, तर आपल्या मुलांस प्रतिपक्ष मिळेल. नालंदेत बाहेरून वादासाठी येणाऱ्यांस दारावरच प्रश्न विचारले जात आणि पुष्कळ जण तेथूनच परतत, असे ह्युएन त्संगाने सातव्या शतकात लिहून ठेवले आहे. दारावर प्रश्न खुशाल असावेत. प्रश्न विषयाचे असावेत.

त्या अकादम्या निर्दोष होत्या असे कोणी समजू नये. तत्त्वज्ञानात ॲरिस्टॉटल आणि धर्मशास्त्रात सेंट थॉमस, अशी चौकट बांधलेली होती. श्रद्धेस धोका नसलेल्या बाबतींतही वरिष्ठांस विचारल्यावाचून अध्यापकाने नवा प्रश्न काढू नये, असा याच ग्रंथाचा दंडक होता. १६११ साली रोमच्या विद्यालयातील गणितज्ञांनी गॅलिलिओची आकाशातील निरीक्षणे खरी ठरविली व त्याचा सत्कार केला, आणि १६१६ साली पृथ्वी फिरते हे मत चर्चने निषिद्ध ठरविले. मग विद्यार्थ्यांनी कशावर वाद करावा व कशावर करू नये, हे निराळे सांगावे लागले नाही. मुलींचा तर त्या नियमांत उल्लेखही नाही. आपल्या मेळाव्यास आज नियमितपणे कोण येते, हे हजेरीपटावरून कोणासही कळेल. तरीही देकार्त व व्हॉल्तेअर याच पद्धतीच्या विद्यालयांतून शिकून गेले, आणि गुरुजनांस न रुचणारे प्रश्न त्यांनी पुढे जन्मभर विचारले. मुलाला एकदा आक्षेप घेण्याची सवय लावली की तो कोणत्या कुंपणापाशी थांबेल ते आपल्या हाती राहत नाही. आमच्या कार्यकारी मंडळास जी भीती वाटते ती हीच असावी, आणि ती खरी आहे.

म्हणून आम्ही दोन दुरुस्त्या सुचवितो. अध्यक्षाच्या कलमात ‘कार्यकारी मंडळ नेमील’ याऐवजी ‘सभासद विद्यार्थी व विद्यार्थिनी दर चार महिन्यांनी गुप्त मतदानाने निवडतील, कार्यकारी मंडळ एक मार्गदर्शक नेमील, त्यास मत नसेल’ असे शब्द घालावेत. सभासदत्वाच्या कलमास ‘ज्ञातीबाहेरील जो विद्यार्थी लागोपाठ तीन बैठकांस हजर राहून एक निबंध वाचील, त्यास मंडळाच्या संमतीने घ्यावे, जो कोणी सभासद विनाकारण चार बैठका चुकवील त्याचे नाव कमी करावे’ अशी पुस्ती जोडावी. नोंदवही आम्ही आणून ठेवली आहे; पहिले पान कोरे आहे. दुरुस्त्या मतास टाकण्याची अध्यक्षमहाराजांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.